हवेची वाकडी वाट

जुन्या मारुती ८०० ला टर्बो बसवायचं खूळ माझ्या एका मित्राच्या डोक्यात शिरलं. टर्बो शोधायला त्याने चार महिने घालवले आणि पाईप चार मिनिटांत घेतले. टर्बो भंगार बाजारातला, कुठल्याशा लहान डिझेल गाडीचा. पाईप नळाच्या सामानाच्या दुकानातले: पांढरे पीव्हीसी, काटकोनी एल्बोसकट. "हवाच तर जायचीय," तो म्हणाला.

हवाच जायची होती, हे खरं. पण ती गरम असते. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, त्याच्यासोबत दुसरा फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. दांड्याचे फेरे मिनिटाला लाखाच्या पुढे जातात. सायकलला हवा भरताना पंप तापतो, तसंच इथेही होतं. ३० अंशांची हवा वातावरणाच्या दीडपट दाबाला नेली, तर टर्बोतून निघताना ती ८० अंशांच्या आसपास असते. पीव्हीसी नेमकं त्याच सुमारास मऊ पडू लागतं. वर बॉनेटखालची धग वेगळीच.

आता वळणांकडे येऊ. न गाळलेला चहा कपात ढवळून बघा. चोथा कडेला फेकला जाईल असं वाटतं, पण तो तळाशी मधोमध गोळा होतो. तळाजवळचा चहा घासल्यामुळे मंदावतो, कडेकडे फेकला जाण्याचा त्याचा जोर कमी पडतो आणि कडेचा दाब त्याला मध्याकडे ढकलतो. आइन्स्टाइनने १९२६ मध्ये याच चहावरून नद्यांची वळणं समजावली होती. कृष्णाकाठची मळीची जमीनही अशीच: बाहेरचा काठ खचतो, आतल्या काठावर गाळ साठतो. पुढच्या एक-दोन वर्षांत डीन या इंग्रज गणितज्ञाने वाकड्या नळीतल्या प्रवाहाचं गणित मांडलं. नळीच्या मधली वेगवान हवा वळणावर बाहेरच्या भिंतीकडे सरकते, भिंतीलगतची मंद हवा कडेकडेने आत परतते आणि एकमेकांच्या उलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात. वळण तीव्र असेल तर आतल्या भिंतीला हवा धरूनच राहत नाही, ती सुटते आणि तिथे नुसती घुसळण चालते. या घुसळणीची किंमत दाबातून वसूल होते.

किती? इथे मलाही वाटलं होतं त्यापेक्षा उत्तर वेगळं निघालं. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ते सेकंदाला साधारण ३५ लिटर हवा पितं. १६ गेजच्या, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर भिंतीच्या, दीड इंची पाईपातून ती ताशी १३० किलोमीटरने धावते, दोन इंचीतून ताशी ७० ने. वळणावरची घट वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे दीड इंचीत ती जवळजवळ साडेतीनपट. पाईप कापून काटकोनात जोडलेली चार वळणं दीड इंचीत असतील, तर मेहनतीने मिळवलेल्या अर्ध्या बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) जादा दाबातला जवळजवळ दहावा हिस्सा तिथेच जातो. तीच चार वळणं गुळगुळीत केली तर दोन टक्क्यांहून कमी. आणि काटकोनीच ठेवून पाईप दोन इंची केला, तरी तीन टक्क्यांच्या आत! म्हणजे गुळगुळीत बेंडवर, म्हणजे तयार वळणांवर, पैसे उधळण्याआधी पाईप चार सूत मोठा घेणं स्वस्त पडतं. फार मोठा मात्र नको. दोन मीटर दोन इंची पाईपात साडेतीन लिटर हवा मावते, तीन इंचीत आठ. ती भरून दाब चढेपर्यंत पाय ॲक्सिलरेटरवर वाट बघतो.

सायलेन्सरवाल्याच्या मशीनवर पाईप वाकवून घ्यायचा मोह होतो, कारण तो समोर असतो आणि लगेच देतो. ते मशीन पाईप बाहेरून दाबतं, आतून आधार काहीच नाही, त्यामुळे वळणाची आतली बाजू चुरगळते आणि तोंड चपटं होतं. क्षेत्रफळ चतुर्थांशाने घटलं तर हवेचा वेग तिथे एक तृतीयांशाने वाढतो. मँड्रेल बेंडमध्ये वाकवताना पाईपाच्या आत साखळीसारखे गोळे घातलेले असतात, ते भिंतीला बसू देत नाहीत. इलेक्ट्रिशियन पीव्हीसी नळीत स्प्रिंग घालून ती वाकवतो, ते तत्त्व हेच. जुन्या कारागिरांची रीत म्हणजे पाईपात वाळू ठासून, तापवून वाकवणे. वाळू कोरडीठाक हवी. ओलसर असेल तर आत वाफ कोंडते आणि टोकाचं बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं.

बेंड विकत घेताना वळणाची त्रिज्या बघायची. पाईपाच्या मध्यरेषेवर मोजलेली ती व्यासाच्या दीडपट असली की पुरे. शक्यतो यू आकाराचे बेंड घ्यावेत, त्यातून हवा तो कोन कापता येतो. फक्त करवतीची रेषा वळणाच्या केंद्राकडे रोखलेली हवी. तिरकी गेली की तोंड लंबगोल होतं आणि पुढच्या पाईपाशी जुळत नाही.

सिलिकॉनच्या होजमध्ये (लवचीक नळीत) जाणाऱ्या टोकाला उठावाची गोल कडा काढून घ्यायला विसरू नये. अर्ध्या बारला दोन इंची टोकावर सुमारे दहा किलोचा जोर बाहेर ढकलत असतो. गुळगुळीत टोकावरून, त्यातही तेलकट असेल तर, होज हमखास निसटतो.

धुराच्या बाजूला सगळे नियम बदलतात. पेट्रोल इंजिनाचा धूर ८०० अंशांच्या वर जातो. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, त्यामुळे ते बाद. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, एल्बो तर हातातच धरू नये: वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळतं आणि तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. कारखान्यांच्या वाफेच्या लाइनसाठी मिळणारे जाड लोखंडी बट-वेल्ड (टोकाला टोक लावून वेल्ड करायचे) एल्बो इथे उत्तम. सव्वा इंची, शेड्यूल ४० चा (हा भिंतीच्या जाडीचा क्रमांक) एल्बो घेतला तर भिंत साडेतीन मिलिमीटर, आणि लाँग रेडियस म्हणून मागितला की त्रिज्या आपोआप दीडपट. स्टेनलेस दिसायला देखणं, पण तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा दीडपटीच्या आसपास फुगतं. अर्धा मीटर पाईप ८०० अंशांनी तापला तर जवळजवळ सात मिलिमीटर वाढतो. वाढायला जागा नसेल तर तो तडकतो, आणि तडकतो तो बहुधा वेल्डिंगच्या कडेला.

मित्राचे पांढरे पाईप वाया गेले नाहीत. बॉनेटखाली ते जोडून त्याने आधी सगळी वाट आखून घेतली आणि मग त्याबरहुकूम लोखंड कापलं. गाडी शेतातल्या रस्त्यावरच फिरते, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल सार्वजनिक रस्त्यावर चालू देत नाही. वेल्डिंगवाल्याने जाताना सांगितलं होतं, की चार-पाच किलोचा टर्बो नुसत्या एल्बोवर टांगू नका, खालून टेकू द्या. तो टेकू अजून लागायचा आहे.