तेरा मतं आणि तरी पराभव: कोलोन, १६८८

विल्हेल्म एगॉन फॉन फ्युर्स्टेनबर्गची ओळख बहुतेक ठिकाणी ‘फ्रान्सचा हस्तक’ एवढीच दिलेली असते. त्यात तथ्य आहेच. त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला फ्रान्सकडून पैसा मिळायचा. पण जर्मनीतल्या कोलोनच्या आर्चबिशपची (तो धर्मप्रमुखही आणि त्या मुलखाचा राज्यकर्ताही) १६८८ची निवडणूक नुसत्या फितुरीच्या हिशेबाने उलगडत नाही.

जन्म १६२९चा, दक्षिण जर्मनीतल्या सरदार घराण्यात. कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे तिथल्या धर्ममंडळाचा (‘चॅप्टर’चा) सदस्य, व्हायला भक्तीपेक्षा वंशावळ कामी यायची. त्या पदाबरोबर उत्पन्न आणि आर्चबिशप निवडायचं मतही मिळे. विल्हेल्मचा शाळासोबती १६५०मध्ये कोलोनचा आर्चबिशप झाला आणि कारभार हळूहळू या दोघा भावांकडे आला. १६७४मध्ये, कोलोनला तहाची बोलणी चालू असताना, फ्रान्सच्या विरोधात असलेल्या जर्मन (पवित्र रोमन) सम्राटाच्या माणसांनी विल्हेल्मला भररस्त्यातून पळवलं. पोपच्या वकिलाने मध्ये पडून त्याचा जीव वाचवला. १६७९च्या तहानंतर तो सुटला, १६८२मध्ये स्ट्रासबुर्गचा बिशप झाला आणि १६८६मध्ये कार्डिनल.

आर्चबिशप जून १६८८मध्ये वारला. जुलैत २४ कॅननांनी मतं दिली: विल्हेल्मला १३, बव्हेरियाच्या राजपुत्राला ९. साध्या निवडणुकीत निकाल इथेच लागला असता. पण दुसऱ्या ठिकाणी आधीच बिशप असलेल्या उमेदवाराची रीतसर ‘निवड’ होत नसे. चॅप्टरने त्याची मागणी, म्हणजे ‘पोस्ट्युलेशन’, करायची आणि त्याला दोन तृतीयांश मतं लागत. म्हणजे १६. विल्हेल्मला तीन कमी पडली. गंमत अशी की राजपुत्रही आधीच बिशप होता, आणि वय होतं जेमतेम सोळा! मात्र पोपने त्याला आधीच सूट दिली होती, त्यामुळे त्याला साधं बहुमत चाललं असतं. तेही त्याच्याकडे नव्हतं. कोणीच नियमाप्रमाणे निवडून न आल्याने निर्णय रोमकडे गेला आणि पोपने राजपुत्राला बसवलं. पोप आणि फ्रान्सचा राजा यांचं तेव्हा उघड वैर होतं, हे लक्षात घेतलं तर नियमावर बोट ठेवण्याला किती अर्थ होता ते कळतं.

फ्रान्सने सप्टेंबरात युद्ध पुकारताना कोलोनचं कारण पुढे केलं. पुढच्या वर्षी हायडेलबर्ग, मानहाइम, स्पायर, वर्म्स ही शहरं उद्ध्वस्त झाली. युद्ध १६९७पर्यंत चाललं.

विल्हेल्म पॅरिसला मठाधिपती म्हणून राहिला आणि १७०४मध्ये तिथेच वारला. त्याआधीच, १७०१मध्ये, फ्रान्सला रोखायला बसवलेल्या त्या राजपुत्राने आपल्या मुलखात फ्रेंच फौजा घेतल्या होत्या.