अंगावरचे दूध सोडवणे

चालत्या-बोलत्या मुलाचे स्तनपान टप्प्याटप्प्याने थांबवणे. बोलीभाषेत याला ‘दूध तोडणे’ म्हणतात, पण एका झटक्यात तोडले की आई आणि मूल दोघांनाही त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले ६ महिने केवळ आईचे दूध आणि नंतर पूरक आहाराबरोबर २ वर्षे किंवा त्यापुढेही ते चालू ठेवावे.

स्तन जितके रिकामे होतात तितके दूध बनते. साचून राहिले की निर्मिती मंदावते. म्हणून दिवसातली एक पाजणी बंद केल्यावर ४ ते ७ दिवस थांबून मगच पुढची कमी करतात. मुलाला जिची फारशी आठवण होत नाही अशा दिवसाच्या पाजणीपासून सुरुवात करावी. झोपवतानाची सर्वांत शेवटी सुटते. एरवी आपणहून पाजायला घेऊ नये, मागितले तर नाकारू नये, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

पाजण्याच्या ठरलेल्या जागेशी आले, की मूल कपडा ओढू लागते. तेव्हा त्या वेळी तिथे बसणेच टाळावे, आधीच खाऊ-पाणी द्यावे. झोपेच्या वेळी दुसऱ्या कोणी थोपटले तर उत्तम. आईच्या कुशीत दुधाचा वास येत असतो. पाजायचेच झाले तर ‘दहा मोजेपर्यंत’ असे सांगून पाजावे आणि दहाला खरोखरच थांबावे. स्तनाला कडू लावण्याचा उपाय लवकर लागू पडतो, पण मूल बिथरते आणि दूध एकदम साचते.

दूध साकळून छाती दगडासारखी झाली तर ताण हलका होईल इतकेच पिळावे. पूर्ण रिकामे केल्यास पुन्हा तितकेच भरते. थंड शेकाने आराम पडतो. घट्ट बांधू नये, त्याने गाठी होतात. लाल, दुखरा चट्टा आणि ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे. संप्रेरके बदलल्याने काही दिवस आईला उदास वाटू शकते. ते लांबले तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

वर्षावरील मुलाला वरचे दूध पेल्याने द्यावे, दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या आत. त्याहून जास्त दिल्यास जेवण मागे पडते, लोह कमी होते. आजारपण, घर बदलणे, पाळणाघराची सुरुवात अशा काळात हे काम हाती घेऊ नये. मधेच असे काही उद्भवले तर आहे त्या टप्प्यावर थांबावे. सगळे सुटायला काही आठवडे ते काही महिने लागतात. त्यानंतरही काही काळ दाबल्यावर दुधाचे थेंब येतात.