दुर्बिणीचा आरसा आणि 'हात लावू नका'चा नियम: पार्श्वभूमी

'आरसा खराब झालाय' असं वेधशाळेत कोणी म्हणालं, की आधी विचारावं लागतं: धूळ बसलीय की मुलामा, म्हणजे काचेवरचा धातूचा चकचकीत थर, गेलाय? धूळ प्रकाश अडवते, विखुरते. ती निघाली की आरसा पूर्ववत होतो. मुलामा रासायनिक क्रियेने खाल्ला गेला, तर तो उतरवून नवाच चढवावा लागतो. नोंदवहीत मात्र दोन्ही 'परावर्तन घटलं' या एकाच आकड्यात जातात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

काचेवर चांदी चढवण्याची रीत 1850च्या दशकातली. चांदी गंधकाने लवकर काळवंडे, म्हणून वरचेवर नवी चढवत. 1935 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या 100 इंची आरशावर ॲल्युमिनियम आलं. मुलामा जास्त टिकू लागला, आणि त्यावरची धूळही.

हा थर साधारण 100 नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. कोरडं कापड फिरवलं, तर धुळीतले गारगोटीचे कण त्यावर ओरखडे काढतात. म्हणून नियम पडला: हात लावू नका. अंधारात टॉर्च तिरपा धरला, तर बऱ्यापैकी स्वच्छ आरसाही पिठाच्या गिरणीतून आणल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात वाया जाणारा प्रकाश थोडाच असतो, हा त्यामागचा युक्तिवाद.

ओरखड्यांपुरता नियम बरोबर होता. त्यात दव मात्र धरलेलं नव्हतं. धुळीचा कण ओल धरतो, त्यातले क्षार विरघळतात. ॲल्युमिनियमला आम्लही सोसत नाही, अल्कलीही नाही. वरची ऑक्साइडची साय जाते आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडत जातात. थेंब वाळला की कण तिथेच चिकटून बसतो, मग तो फुंकरीने हलत नाही. 'हात लावू नका'चा अर्थ 'काहीच करू नका' असा लावणं ही माझ्या मते मोठी चूक होती.

अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या किरणांच्या) निरीक्षणांनी दृष्टी बदलली, कारण तिथे धूळ स्वतःच उष्णता सोडत चमकते. हवाईच्या मौनाकेआवर आरसा क्षितिजाकडे कलता करून त्यावर कार्बन डायऑक्साइडचा बर्फ फवारतात. भुसभुशीत बर्फ घसरत खाली येताना सुटे कण घेऊन येतो. चिकटलेल्यांसाठी सौम्य साबणाचं पाणी लागतंच.

2004 मध्ये चिलीच्या सेरो पाचोनवरच्या 8 मीटरच्या आरशावर संरक्षक थरांसह चांदी परतली. कॅनरी बेटांतल्या ला पाल्मावर सहाराची धूळ आली की आभाळ ढगांविना असूनही घुमट बंद ठेवावे लागतात.