नियुक्त सदस्य: आपला आणि म्यानमारचा

इंदूरच्या रामबागेत पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत काकांनी मुद्दा काढला: "म्यानमारचा राष्ट्रपती संसद निवडते म्हणून नावं ठेवता. आपला तरी लोक कुठे निवडतात?"

खरंय काका, दोन्हीकडे निवडणूक अप्रत्यक्षच. पण मत कोण देतं ते बघा.

आपल्याकडे खासदार-आमदार मत देतात, तेही फक्त निवडून आलेले. मध्य प्रदेशच्या आमदाराच्या मताचं मूल्य १३१ (एक मत मोजताना १३१ धरतात), म्हणजे इंदूर जिल्ह्यातल्या ९ आमदारांचं मिळून १,१७९. राज्यसभेतल्या १२ नियुक्त सदस्यांना इथे मत नाही. (उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र आहे; भलेभले इथे चुकतात.)

म्यानमारच्या २००८च्या राज्यघटनेत सगळी मेख नियुक्तांमध्येच. संसदेच्या ६६४ जागांपैकी १६६ जागांवर सरसेनापतीने नेमलेले लष्करी अधिकारी. राष्ट्रपती निवडताना संसदेचे तीन गट पडतात: दोन सभागृहांतल्या निवडून आलेल्यांचे दोन, तिसरा लष्कराचा. प्रत्येक गट एक नाव देतो आणि तिघांपैकी जास्त मतं मिळतील तो राष्ट्रपती. उरलेले दोघे घरी जात नाहीत, उपराष्ट्रपती होतात! म्हणजे लष्कर हरलं तरी त्याच्या माणसाला खुर्ची ठरलेलीच.

२०१६ मध्ये तसंच झालं. टिन चाव ३६० मतांनी राष्ट्रपती झाले. लष्कराचे मिंट स्वे २१३ मतांवर उपराष्ट्रपती. निवडणूक जिंकली होती आँग सान सू ची यांच्या पक्षाने, पण मुलं परदेशी नागरिक असल्याने घटनेने त्यांनाच राष्ट्रपतिपद नाकारलेलं. ते कलम बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागतात, आणि २५ टक्के जागा कोणाच्या ते वर आलंच आहे.

त्या राखीव खुर्चीचा खरा उपयोग कळला १ फेब्रुवारी २०२१ला. लष्कराने राष्ट्रपती विन मिंट यांना अटक केली. मग कार्यवाहक राष्ट्रपती कोण? हेच मिंट स्वे. त्यांनी आणीबाणी पुकारून सत्ता सरसेनापती मिन आँग हलाइंग यांच्या हाती दिली.

"पण आपला राष्ट्रपतीसुद्धा तिन्ही दलांचा सर्वोच्च सेनापती असतोच की," काका काही सोडेनात. असतो ना. आणि महूची लष्करी छावणी तर इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या अफसराला मत देता येतं. पण विधानसभेत महूची एकच जागा, आणि तिथे निवडून यावं लागतं.