आकडा लहान म्हणजे गाव सुरक्षित?

जानेवारी उजाडला की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत वर्षभराच्या गुन्ह्यांचं कोष्टक येतं. खून, दरोडे, घरफोड्या, वाहनचोऱ्या, विनयभंग. एका रकान्यात सरलेलं वर्ष, दुसऱ्यात त्याच्या आधीचं. मुलीच्या शिक्षणासाठी सांगलीत खोली शोधणारा बाप ते वाचतो, निवृत्तीनंतर साताऱ्यात प्लॉट घेऊ पाहणारं जोडपंही वाचतं. ज्या पोलीस ठाण्यापुढचा आकडा मोठा, ती हद्द त्यांच्या मनातून बाद होते. मला या घाईची काळजी वाटते, कारण लहान आकड्यामागे कधी शांतता असते, तर कधी दडपलेली तक्रार.

तुलनेसाठी वापरतात तो गुन्ह्यांचा दर हा साधा भागाकार आहे. वर वर्षभरात नोंदलेले गुन्हे, खाली लोकसंख्या, आणि उत्तर दर एक लाख लोकांमागे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग देशाचा वार्षिक अहवाल याच पद्धतीने काढतो; हा अहवाल १९५३पासून निघतो आहे. या भागाकारातला वरचा आकडाही नीट तपासावा लागतो आणि खालचाही.

आधी वरचा. तो घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो, नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. बसस्थानकावर गर्दीत चढताना एखाद्याचा मोबाइल खिशातून जातो. तो ठाण्यात पोचतो. पहिला प्रश्न येतो, "चोरीला गेला की कुठे पडला? कुणाला घेताना बघितलंत का?" त्याने बघितलेलं नसतं. त्याला नवीन सिमकार्ड हवं असतं आणि घरी जायची घाई असते. मग अर्जावर 'गहाळ' असं लिहिलं जातं, शिक्का बसतो, काम होतं. त्या वर्षीच्या कोष्टकात ही चोरी कुठेच दिसत नाही. खिसेकापू मात्र त्याच फलाटावर उभा असतो.

मोबाइलचं एक वेळ सोडून देऊ. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार, शेजाऱ्याने काढलेली छेड, कामावरचा त्रास, यांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. "घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या," असं सांगणारे ठाण्यात असतात आणि घरातही असतात. तक्रार झालीच तर कधी ती अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी, म्हणून एन.सी.च्या वहीत जाते आणि दखलपात्र गुन्ह्यांच्या बेरजेतून सुटते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं. पण ते किती पाळलं जातं हे ठाण्यावर अवलंबून असतं. एखाद्या ठाण्यात चांगला अधिकारी आला, महिला कक्ष चालू लागला, बायकांना तिथे जावंसं वाटू लागलं, की त्या ठाण्याचा आकडा वाढतो. गुन्हे पूर्वीइतकेच असतात, दार उघडलेलं असतं. नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले असं समजू नका, हा इशारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या अहवालातच देतो.

केरळचं उदाहरण याच संदर्भात देतात. २०२२च्या अहवालात भारतीय दंडविधानाखालच्या गुन्ह्यांचा केरळचा दर देशाच्या दराच्या दुपटीहून जास्त होता. खुनाचा दर बघितला तर देशात लाखामागे सुमारे २.१ आणि केरळात त्याच्या निम्म्याहूनही कमी. बिहारात नेमकं उलट: एकूण दर देशापेक्षा बराच कमी, खुनाचा दर देशापेक्षा थोडा जास्त. मृतदेह लपवणं अवघड असतं, म्हणून खुनाचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा. बाकीच्या आकड्यांत नोंदणीची सवय मिसळलेली असते.

हाच निकष आपल्या तालुक्यांना लावता येतो. वाहनचोरीची नोंद सहसा होतेच, कारण एफआयआरशिवाय विमा कंपनी दावा घेत नाही. म्हणून दोन ठाण्यांची तुलना करायची तर खून आणि वाहनचोरी हे रकाने आधी बघावेत. विनयभंगाच्या रकान्यात एखाद्या हद्दीत वर्षभरात जवळपास शून्य असेल, तर मी तिथे निश्चिंत होणार नाही. हजारो बायका-मुली जिथे रोज बसने, पायी, कामाला आणि कॉलेजला जातात, तिथलं शून्य हे चौकशीचं कारण आहे.

वरच्या आकड्यात आणखी एक भर पोलीस स्वतः घालतात. मटका, जुगार, हातभट्टी यांचे गुन्हे ठाण्याच्या नोंदवहीत 'भाग ६' या वेगळ्या वर्गात नोंदले जातात आणि त्यांत बहुतेक वेळा फिर्यादी पोलीसच असतो. जितक्या धाडी तितके गुन्हे. एकूण बेरजेत हे धरले, तर कामसू ठाणं बदनाम होतं. कायदा बदलला तरी आकडे हलतात. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांत ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरली आणि हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्यामुळे २०२३ आणि २०२५ची चोरीची आकडेवारी शेजारी ठेवून "चोऱ्या घटल्या" म्हणणं धाडसाचं आहे. सायबर फसवणुकीचंही तसंच. फोन करणारा कुठल्या तरी लांबच्या राज्यात, पैसे गेले विट्यातल्या माणसाचे. गुन्हा इथे नोंदला जातो, पण इथल्या रस्त्यावर रात्री चालणं किती निर्धोक आहे हे त्यातून कळत नाही.

आता खालचा आकडा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ५,०२,७९३ होती. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे शहरांच्या बाबतीत अजूनही तोच जुना आकडा भागायला वापरला जातो. समजा वर्षात १,५०० गुन्हे नोंदले गेले. जुन्या लोकसंख्येने भागलं तर दर येतो २९८. शहर वाढून ५ लाख ८० हजारांचं झालं असेल, तर तोच दर २५९. एकही गुन्हा कमी न होता शहर इतकं 'सुधारलं'.

शिवाय गुन्हा घडतो तिथे त्या वेळी हजर असणारी माणसं आणि जनगणनेत मोजलेली माणसं वेगळी असतात. महाबळेश्वरची कायमची वस्ती काही हजारांची, हंगामात पर्यटक मात्र लोटलेले. पर्यटकाच्या गाडीची काच फोडली तर गुन्हा वर मोजला जातो, पर्यटक खाली मोजला जात नाही. लोणंद-फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला येते, मिरजेत कर्नाटकातून रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक येतात, शिरवळ-कराडवरून महामार्ग जातो. अशा प्रत्येक जागी दर फुगतो, पण तिथल्या रहिवाशाचा धोका त्या प्रमाणात वाढलेला नसतो. गर्दीच्या जागी खरा प्रश्न असतो, आलेल्या दर लाख माणसांमागे किती पाकिटं गेली.

याच्या उलट बाजूला बंद घरं. खानापूर-आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं देशभर पांगलेली, पाटण-जावळीच्या खोऱ्यातले मुंबईकर फक्त गणपतीला आणि गावच्या यात्रेला येणार. घराला कुलूप लावून गेलेलं कुटुंब आल्यावर कडी-कोयंडा तुटलेला दिसतो. घरफोडी कधी झाली हे कुणालाच माहीत नसतं. फिर्यादीत "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत" एवढंच लिहितात. कोष्टकात ती यात्रेच्या महिन्यात दिसते. घरफोडीचा दर खरं तर घरांच्या संख्येवर काढावा आणि वाहनचोरीचा वाहनांच्या. गुन्हेशास्त्रात हे १९६०च्या दशकापासून सांगितलं जात आहे, तरी आपण सगळ्याला लोकसंख्येनेच भागतो.

लहान गावांची अडचण निराळी आणि गणिती आहे. चार हजार वस्तीच्या गावात वर्षात बांधाच्या वादातून एक खून झाला, तर दर होतो लाखामागे २५, म्हणजे देशाच्या जवळजवळ बारापट. पुढच्या वर्षी एकही नाही, दर शून्य. गाव दोन्ही वर्षी तेच. देशाच्या सरासरीने चाललं तरी एवढ्या गावात सुमारे १२ वर्षांतून एक खून अपेक्षित आहे, त्यामुळे एका वर्षाच्या दराला अर्थ नाही. पाच लाखांच्या शहरातही या सरासरीने वर्षाला साधारण १० खून येतात, आणि निव्वळ योगायोगाने ते कधी ७, कधी १३ होऊ शकतात. अशा विरळ घटनांच्या संख्येत तिच्या वर्गमुळाइतका चढउतार आपोआप होतो. १०चं वर्गमूळ ३च्या जरा वर. त्यामुळे खून ८ वरून ११ झाले आणि "३७.५ टक्के वाढ" असा मथळा आला, तरी तेवढ्यावरून शहर बिघडलं म्हणता येत नाही. तीन-पाच वर्षांची बेरीज हवी.

आणि सरासरीत जागा हरवते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याच सातारा जिल्ह्यात माणला जेमतेम पाचशे. जिल्ह्याची सरासरी ऐकून कुणी माणमध्ये भात लावत नाही. गुन्ह्यांचंही असंच आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात संशोधकांनी पोलिसांना येणारे फोन पत्त्यानिशी तपासले आणि १९८९मध्ये निष्कर्ष मांडला: निम्म्याहून अधिक फोन शहरातल्या अवघ्या ३ टक्के जागांवरून येत होते. पुढे इतर शहरांतही हाच साचा सापडला. त्यामुळे एखादी अख्खी हद्द धोक्याची असं क्वचितच असतं. धोक्याची असते एखादी बोळ, बंद पडलेले दिवे असलेला एखादा पूल, एखाद्या परमिट रूमबाहेरचा कोपरा, आणि तोही ठरावीक वेळी. पलीकडच्या गल्लीत लोक दार उघडं टाकून बसलेले असतात.

हे बघायला साधन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. हव्या त्या ठाण्याचे काही महिन्यांचे एफआयआर उघडून जागा आणि वेळ वहीत उतरवली, की वार्षिक कोष्टकापेक्षा बरंच जास्त कळतं. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर तिथे नसतात, आणि ते नसावेतच.

जे कुठेच नोंदलं गेलं नाही, ते मोजायचा एकच मार्ग म्हणजे लोकांना विचारणं. अमेरिकेत १९७३पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९८२पासून असं घरोघरचं सर्वेक्षण चालतं आणि त्यात पोलिसांच्या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त गुन्हे सापडतात. सांगलीतल्या किंवा साताऱ्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागाने चिठ्ठ्या टाकून प्रभागातली तीनशे घरं निवडावीत आणि घरातल्या बाईशी बाईनेच, एकटीशी बोलावं. गेल्या बारा महिन्यांत तुमच्या घरात कुणाची चोरी, मारहाण, छेड झाली का? ठाण्यात गेलात का? गेला नसाल, तर का?