छेदात लपलेली बेरोजगारी

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला येऊन खुर्ची धरणारा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. चाकणच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता. मागणी घटली, तिसरी पाळी बंद झाली आणि याचं काम गेलं. आता तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तो बेरोजगार आहे का? घरच्यांच्या लेखी आहेच. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणासाठी आलेल्या सर्वेक्षकाच्या लेखी मात्र ते एका उत्तरावर ठरतं. गेल्या सात दिवसांत त्याने काम शोधलं, किंवा काम मिळालं असतं तर करायला तयार होता, असं सांगितलं तर तो बेरोजगार. ‘सध्या फक्त अभ्यास’ म्हणाला तर तो श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे रोजगार नसलेला, पण बेरोजगारही नसलेला.

मंदीनंतरचे आकडे समजायला अवघड जातात ते या तिसऱ्या कप्प्यामुळे. श्रमशक्ती म्हणजे काम करणारे अधिक काम शोधणारे. बेरोजगारीचा दर काढताना काम शोधणाऱ्यांना भागायचं ते या श्रमशक्तीने, एकूण लोकसंख्येने नाही. त्यामुळे माणूस शोधायचा थांबला की तो अंशातूनही जातो आणि छेदातूनही.

एखाद्या वस्तीत १५ वर्षांवरचे १००० लोक आहेत असं धरू. ४७५ जण कामावर, २५ जण शोधात. श्रमशक्ती ५००, दर ५ टक्के. मंदी आली, ६० जणांचं काम गेलं. आता ४१५ कामावर, ८५ शोधात, दर १७ टक्के. इथपर्यंत सरळ आहे. पुढच्या सहा महिन्यांत एकही नोकरी निर्माण झाली नाही, पण ५५ जणांनी नाद सोडला. कुणी गावी परतलं, कुणी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. शोधात उरले ३०, श्रमशक्ती ४४५, दर ६.७ टक्के. कामावर अजूनही ४१५च, तरी मथळा होणार ‘बेरोजगारीत मोठी घट’.

पुढे खरी सुधारणा सुरू होते. २० नव्या नोकऱ्या निघतात आणि ते ऐकून ४० जण पुन्हा शोधायला बाहेर पडतात. कामावर ४३५, शोधात ५०, श्रमशक्ती ४८५, दर १०.३ टक्के. परिस्थिती सुधारली आणि दर चढला! अशा वेळी सरकारवर तुटून पडणारे आणि आधीच्या घटीवर पाठ थोपटून घेणारे, दोघांचीही चूक एकच असते.

या वस्तीत फसवत नाही तो एकच आकडा: दर शंभर माणसांमागे कामावर किती, म्हणजे कामगार-लोकसंख्या प्रमाण. ते ४७.५ वरून ४१.५ वर आलं आणि मग ४३.५ झालं. प्रत्यक्षातही असंच दिसतं. अमेरिकेत २००७ च्या डिसेंबरात सुरू झालेली मंदी २००९ च्या जूनमध्ये संपली, असं तिथे अधिकृतपणे मानलं जातं. बेरोजगारीने १० टक्क्यांचं शिखर गाठलं ते त्यानंतर, ऑक्टोबरात. मालक उत्पादन वाढवताना आधी ओव्हरटाइम देतो, नवी भरती शेवटी करतो, म्हणून हा उशीर. २०१५ च्या अखेरीस दर पुन्हा ५ टक्क्यांवर, मंदीआधीच्या जागी आला. पण सहभागाचा दर, म्हणजे दर शंभर माणसांमागे श्रमशक्तीत किती, ६६ वरून ६२ च्या घरात उतरला होता आणि कामगार-लोकसंख्या प्रमाण जवळपास ६३ वरून ५९ च्या आसपास. यातला बराच वाटा निवृत्त होणाऱ्या पिढीचा होता. सगळा दोष निराशेवर टाकता येत नाही.

आपल्याकडे गोष्ट उलट्या बाजूनेही घडते. २०२० च्या एप्रिल-जूनमध्ये टाळेबंदीत शहरी बेरोजगारी सुमारे २१ टक्क्यांवर गेली. पण देशभराच्या वार्षिक आकड्यांत (यांची मोजणीची पद्धत वेगळी, ती पुढे येते) बेरोजगारी २०१९-२० मध्ये ४.८ आणि २०२०-२१ मध्ये ४.२ टक्के, म्हणजे उतरतीच. सहभागही घटला नाही, वाढला. याचं कारण घराघरांत सापडतं. भोसरीच्या वर्कशॉपमधला नवऱ्याचा पगार थांबला की बायको डबे करून द्यायला लागते, सासू पोळ्या लाटते, मुलगा डबे पोचवतो. एका नोकरीच्या जागी तीन ‘रोजगार’ मोजले जातात, कारण घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणाराही सर्वेक्षणात कामगारच असतो. गावी परतलेला भाऊ शेतात उतरला की तोही. देशातल्या रोजगारात शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाला. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनिसांचं प्रमाण १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेलं. विमा नाही, बचत नाही, अशा घरात हात बांधून बसणं परवडत नाही. बेरोजगार राहायलाही थोडी ऐपत लागते. म्हणून आपल्याकडे मंदी दिसते ती बेरोजगारीपेक्षा कामाच्या दर्जात.

बातमीतला आकडा तपासायचा तर आधी मोजणीची पद्धत पाहा. १९७० मध्ये दांतवाला समितीने सुचवल्यापासून आपल्याकडे एकाहून जास्त मोजपट्ट्या आहेत. ‘नेहमीची स्थिती’ या पद्धतीत मागचं सगळं वर्ष विचारात घेतात आणि दुय्यम काम म्हणून ३० दिवस काही केलं असलं तरी माणूस कामगार ठरतो. ‘साप्ताहिक स्थिती’त मागचे सात दिवस, त्यातल्या एका दिवशी एक तास काम झालं तरी पुरे. मजूर अड्ड्यावर आठवडाभर उभं राहून एकच दिवस काम मिळालेला गवंडी इथे रोजगारातच धरला जातो.

त्यानंतर सहभागाचा दर आणि कामगार-लोकसंख्या प्रमाण शोधा. दुसऱ्याला पहिल्याने भागा, उत्तर एकातून वजा करा, शंभराने गुणा. २०२३-२४ मध्ये हे आकडे ६०.१ आणि ५८.२ होते, गणित करून पाहिलं तर ३.२ टक्के बेरोजगारी मिळते. आता त्यातली सहभागाची बाजू बायका आणि पुरुषांसाठी वेगळी पाहा. बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. ही उडी पगारी नोकरीतली की घरच्या धंद्यातली, हे विचारल्याशिवाय तिचं कौतुक करू नये.

२०२५ पासून हे सर्वेक्षण दर महिन्याला आकडे देतं आणि इथे एक नवी गफलत होते. एप्रिल २०२५ चा ५.१ हा आकडा २०२३-२४ च्या ३.२ शेजारी ठेवला की बेरोजगारी भडकल्यासारखी वाटते. पहिला साप्ताहिक आहे, दुसरा नेहमीच्या स्थितीचा. त्याच २०२३-२४ चा साप्ताहिक पद्धतीने काढलेला दर ४.९ होता.