फेरारी आणि फेरेरो: काम एक, घराणी वेगळी

फेरारी म्हणजे लाल गाडी, उधळलेला घोडा, मारानेल्लोचा कारखाना. हे सगळ्यांना पाठ आहे. फेरेरो म्हणजे न्यूटेला आणि सोनेरी कागदातलं चॉकलेट. पण 'फेरेरो ही फेरारी घराण्याचीच शाखा, फक्त स्पेलिंग बदललं' हे वाचून वाचून आता वीट आला आहे.

दोन्ही आडनावं लोहारकामावरून पडली. मूळ लॅटिन शब्द 'फेरारिउस'. उत्तर इटलीतल्या एमिलिया आणि लोंबार्दी या प्रांतांत त्याचं फेरारी झालं, वायव्येकडच्या पिएमोंतेत फेरेरो, दक्षिणेत फेरारो. गोंधळ होतो तो यापुढे. मूळ एक, म्हणून मूळपुरुषही एक, असं लोक धरून चालतात. अहो, भट्टी गावोगावी होती! प्रत्येक गावाने आपापल्या लोहाराला त्याच्या कामावरून ओळखलं आणि ती ओळख मुलानातवंडांना चिकटली. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी सक्तीच्या केल्या, तेव्हा अशी नावं कागदावर आणखी पक्की झाली. आपल्याकडे गावोगावी पाटील आहेत, म्हणून सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत, तसंच हे. फेरारी तर इटलीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. नुसत्या आडनावावरून दोन फेरारींचंही नातं लावता येत नाही, मग फेरारी-फेरेरोंचं कुठून लावणार?

एन्झो फेरारी १८९८ मध्ये मोदेनात जन्मले. पण माझ्या लेखी या आडनावाचा सर्वांत मोठा माणूस लोदोविको फेरारी. जन्म १५२२, बोलोन्या. चौदाव्या वर्षी मिलानमध्ये गणितज्ञ कार्दानोच्या घरी नोकर म्हणून आला, तिथेच गणित शिकला आणि चतुर्घाती (x चा चौथा घात असलेलं) समीकरण सोडवण्याची रीत शोधून काढली. कार्दानोने ती १५४५ मध्ये छापली. गाडीच्या झगमगाटात हा माणूस विसरला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फेरेरोंचं गाव पिएमोंतेतलं आल्बा. पिएत्रो फेरेरो यांनी १९४६ मध्ये तिथे कंपनी काढली. न्यूटेला हे नाव १९६४ चं. याच कंपनीचा एक कारखाना आपल्या बारामतीत आहे.

आणि फेरारी म्हणजे 'फेरारा शहरचे', हेही चूक. त्या शहरावरून पडलेलं आडनाव फेरारेसी.